दावे आणि सावली



मे महिना आला की आपल्या सांगलीत दुपारी रस्ते ओस पडतात. पारा चाळिशीच्या आसपास घुटमळत असतो. आपण खिडक्यांचे पडदे ओढतो, माठात वाळा टाकतो, सकाळच्या मिस्सेलाच जावे असे एकमेकांना सुचवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना, 'दुपारचे बाहेर पडू नका' म्हणून बजावतो. या सगळ्या काळजीत एका उन्हाळ्यात आमच्याकडून एक गोष्ट राहून गेली. ती आज तुम्हांला सांगावी असे वाटते. गोष्ट जेमतेम किलोभर वजनाच्या प्राण्याची आहे. पण तिने आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो मात्र लहान नाही.

मुलांच्या हट्टाखातर आम्ही घरी गिनी पिगची जोडी आणली होती. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नावात 'पिग' असले तरी तो डुक्कर नव्हे. सशासारखा मऊ, आखूड कानांचा, बिनशेपटीचा असा तो उंदराच्या गणातला गरीब प्राणी आहे. कोथिंबीर चिरायला घेतली की शीळ घालतो, इतकाच काय तो त्याचा आवाज. मुलांनी त्यांची नावे गोट्या आणि चिंगी अशी ठेवली. वास येतो म्हणून आम्ही पिंजरा गॅलरीत ठेवत असू. वर पत्र्याची शेड होती आणि सकाळी तिथे चांगली सावली असे.

त्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे फर्स्ट कम्युनियनच्या समारंभाला गेलो. जाताना पिंजऱ्यात गवत टाकले, पाण्याची बाटली भरली, धाकट्याने दोघांचा मुकाही घेतला. जेवणे झाली, गप्पा रंगल्या, परतायला पाच वाजले. गॅलरी पश्चिमेची. दुपारी दोनपासून ऊन थेट पिंजऱ्यावर आले होते आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापला होता. चिंगी कोपऱ्यात अंग टाकून धापा टाकत होती, तोंडातून लाळ गळत होती. गोट्या गेला होता.

चिंगीला आम्ही आतल्या खोलीत फरशीवर आणले, ओल्या फडक्याने पाय, कान आणि अंग पुसले, तोंडाशी थेंब थेंब पाणी धरले आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. ती वाचली. गोट्याला आम्ही अंगणातल्या लिंबाखाली पुरले. तेव्हा धाकट्याने विचारले, "गोट्या सावलीत का नाही गेला?"

या एका प्रश्नाने आम्हां दोघांचीही मान खाली गेली. सावली होती. हातभर अंतरावर, दाराच्या आत होती. पण सावली सरकते, पिंजरा सरकत नाही. आणि पिंजऱ्याची कडी बाहेरून असते.

त्या रात्री आम्ही एकमेकांची समजूत घालत होतो. आम्ही काही मुद्दाम केले नव्हते. पाणी ठेवले होते, खाणे ठेवले होते. ऊन तर देवाचे, ते सगळ्यांवरच पडते. मुलांचे त्या प्राण्यांवर केवढे प्रेम होते! हे सगळे खरे होते आणि तरीही मनाला पटत नव्हते. असे का, याचा विचार करता करता जे सुचले, ते आपल्यासमोर मांडतो.

प्रथम त्या प्राण्याच्या देहाकडे पाहू या. फ्रान्समध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी एक गिनी पिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. त्यातून त्यांनी एक मोठी गोष्ट ताडली. श्वास घेणे हे एक प्रकारचे संथ जळणेच आहे. चुलीत लाकूड जळते, तसे देहात अन्न जळते. म्हणजे प्रत्येक जिवंत देह ही एक लहानशी चूल आहे आणि तिची धग सतत बाहेर जावी लागते. बाहेरच जर भट्टी पेटलेली असेल, तर आतली धग जाणार कुठे?

ही धग घालवायची युक्ती परमेश्वराने प्रत्येकाला वेगवेगळी दिली आहे. माणसाला घाम येतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. कोंबडी चोच उघडते आणि पंख अंगापासून दूर धरते. म्हैस डबक्यात जाऊन बसते. जतकडच्या माळावर भर दुपारी मेंढ्यांचा कळप पाहावा. झाड नसले तर मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात. सावली मिळाली नाही तर एकमेकींची सावली करतात.

गिनी पिगचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. तिथल्या उंच आणि थंड मुलखात हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला खाण्यासाठी पाळायला सुरुवात केली. पेरू देशातल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेले प्रभूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे, त्यात मेजावरच्या ताटात हाच प्राणी वाढलेला दिसतो. इतका तो तिथल्या लोकांच्या रोजच्या जगण्यातला. आपल्यासारखा घाम त्याला येत नाही. कुत्र्यासारखी धाप टाकूनही त्याला अंग थंड करता येत नाही. त्याच्या रानातल्या भाईबंदांची युक्ती एकच असते: दगडाच्या कपारीत किंवा बिळात शिरायचे आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर यायचे नाही. म्हणजे त्याची सगळी मदार जागा बदलण्यावर. आणि नेमकी तीच सोय आम्ही पिंजऱ्याची कडी लावून काढून घेतली होती.

आम्हांला वाटते, आमचा दोष इथे सापडतो. आम्ही गोट्याला मारले नाही. पण उन्हापासून पळण्याची त्याची वाट आम्ही बंद केली आणि त्या वाटेच्या जागी दुसरे काही ठेवले नाही. रानातला ससा वणव्यात मेला तर आपल्याला हळहळ वाटते, अपराधी वाटत नाही. गोठ्यात बांधलेली गाय आगीत सापडली तर मात्र आपण आयुष्यभर म्हणतो, 'दावे कापायला हवे होते.' ऊन आणि आग दोन्हीकडे सारखीच. फरक दाव्याचा आहे. ज्याने दावे बांधले त्याने जनावराचे पाय स्वतःकडे घेतले. आता त्या पायांनी त्यालाच चालायला हवे. जनावर सावलीकडे जाऊ शकत नसेल, तर सावली जनावराकडे न्यायची जबाबदारी बांधणाऱ्याची. हे जनावरावरचे उपकार नव्हेत. हे देणे आहे.

कोणी म्हणेल, असे असेल तर बांधूच नये, सोडून द्यावे. पण ते इतके सोपे नाही. चिंगीला आम्ही सांगलीच्या रस्त्यावर सोडले असते तर ती दिवसभरही जगली नसती. तिची जात पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेली. शेरडे, कोंबड्या, संकरित गाई यांचेही तेच. ज्यांची रानात परतण्याची वाट आपल्या पूर्वजांनी बंद केली, त्यांचे देणे आपल्याकडे वारसाने आले आहे. शेत वारसाने घ्यायचे आणि त्यावरचे कर्ज नाकारायचे, असे चालत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो आमच्याही मनात आला होता. आपल्या दोन जिल्ह्यांत माणसांनाच प्यायला पाणी नसते, तिथे हौसेने आणलेल्या उंदराच्या जातीचे कौतुक कशाला? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. एकट्या सातारा जिल्ह्याचे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो. सह्याद्रीने ढग अडवले की खटाव, माण, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा सगळा पट्टा पावसाची वाट पाहत बसतो. ख्रिस्तसभेनेही या बाबतीत सावध केले आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असे तो सांगतो. आणि जो पैसा आधी माणसांचे दुःख हलके करण्यासाठी वापरायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभणारे नाही, असेही सांगतो. तेव्हा गिनी पिगसाठी एअर कंडिशनर बसवा, असे आम्ही म्हणणार नाही.

पण माणूस आधी की जनावर आधी, हा वाद ज्यांनी दुष्काळ पाहिला नाही त्यांनाच सहज सुचतो. माणदेशातल्या माणसाला विचारावे. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी एक हकिकत जाहीरपणे सांगितली आहे. दुष्काळात एक बाई आपले सोन्याचे दागिने गहाण ठेवायला बँकेत आली. कशासाठी, असे विचारल्यावर कळले की जनावरांच्या चाऱ्यासाठी. आणि मग त्या बाईनेच उलट विचारले की सोने ठेवून पाणी मिळेल का? बँकेकडे त्याला उत्तर नव्हते. त्यानंतर २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी सुरू केली. पाऊस लांबला तशी छावणीही लांबली आणि जवळजवळ दीड वर्ष चालली. २०१९ साली दुष्काळ पडला तेव्हाही तिथे छावणी उभी राहिली.

छावणीतले दृश्य ज्यांनी पाहिले असेल ते विसरणार नाहीत. उघड्या माळावर ओळीने जनावरे बांधलेली. त्यांच्यावर बांबू रोवून केलेली सावली. कुठे शेडनेट, कुठे गोणपाट, कुठे घरातून आणलेले लुगडे. गावाकडे म्हातारी माणसे आणि शाळेची मुले ठेवून घरातले कोणी ना कोणी जनावरापाशी मुक्कामाला. रात्रीची झोपही तिथेच. त्या माउलीला कोणी सांगावे की बाई, जनावरापेक्षा माणूस मोठा! तिला ते माहीत आहे. पण गाय विकली तर पुढच्या पावसात दूध नाही, शेण नाही, हातात पैसा नाही, हेही तिला माहीत आहे. तिथे माणूस आणि जनावर यांचे भले निराळे करता येत नाही.

आता कोणी म्हणेल, तिला गाईची गरज होती म्हणून तिने केले, तुमच्या गिनी पिगचा काय उपयोग? खरे आहे, काही उपयोग नाही. पण आम्हांला वाटते, देणे हे उपयोगावर ठरत नाही. ज्याच्याकडून पुढे काही मिळणार आहे त्यालाच सावली द्यायची, तर ते देणे कसले? ती गुंतवणूक झाली. शिवाय त्या बाईचा निदान विचार पक्का होता. जनावर तिच्या दाव्याला होते, म्हणून त्याची तहान तिच्या डोक्याला होती. आमच्याकडे प्रेम होते, मुके होते, नावे ठेवली होती. पण दुपारी तीन वाजता गॅलरीत ऊन कुठवर येते, हे आम्ही कधी उभे राहून पाहिले नव्हते. गोट्याच्या जिवाला प्रेमाने काही झाले नाही. त्याला माहितीची गरज होती. ज्याच्यावर प्रेम करायचे त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही हे शिकून घेणे, हा प्रेमाचाच भाग आहे, आणि तोच आम्ही वगळला होता.

खिलार बैल राखणारे शेतकरी आणि मेंढरे राखणारे धनगर बांधव यांच्याकडून या बाबतीत आपण पुष्कळ शिकावे. माण, आटपाडी आणि जतचा खिलार पांढराशुभ्र असतो. पांढऱ्या रंगावरून ऊन परतते, म्हणून हे जनावर या मुलखात टिकले. काळी म्हैस त्याच उन्हात हैराण होते, तिला पाणी अंगावर लागते. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही, रोज जनावराकडे पाहून आलेले आहे. आणि धनगर बांधव तर त्याहून पुढे जातात. माळावर चारा-पाणी संपले की ते मेंढरांना धरून बसत नाहीत. बायकापोरांसह, घोड्यावर संसार लादून, चारा-पाणी असेल त्या मुलखाकडे निघतात. जनावराच्या जागी सावली आणता येत नसेल तर जनावराला सावलीच्या जागी न्यायचे, मग त्यासाठी स्वतःचे घर सहा-आठ महिने सोडावे लागले तरी. आम्हांला तर पिंजरा फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा होता.

देशाच्या कायद्यालाही हे मान्य आहे. १९६० सालचा प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा केवळ मारहाण करू नका म्हणून थांबत नाही. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे भले पाहिलेच पाहिजे, असे कर्तव्यही तो सांगतो. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत असे आहे की ज्या भागात पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावराला कामाला जुंपू नये. दिवसात नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांच्या वर तर नाहीच. आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम लांबला आणि मार्च उजाडला की उसाने भरलेली बैलगाडी भर दुपारी चढावर अडलेली आपण सर्वांनी पाहिली आहे. बैलाच्या तोंडाला फेस आलेला असतो. गाडीवानही अनवाणी असतो, त्यालाही खेप पुरी करायची असते. नियम कागदावर आहे. पण त्या नियमामागे जो विचार आहे तो साधा आहे: जो स्वतः थांबू शकत नाही, त्याला थांबवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

आपल्या प्रभूच्या बोलण्यात हाच विचार किती सहज येऊन जातो! लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात कुबड्या स्त्रीला शब्बाथाच्या दिवशी बरे केल्याबद्दल सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा प्रभू येशू त्याला कोणते उदाहरण देतो? आपला बैल किंवा गाढव शब्बाथाच्या दिवशी गव्हाणीपासून सोडून पाण्यावर कोण नेत नाही? हे वचन आम्ही अनेकदा ऐकले होते, पण त्यातल्या 'सोडून' या शब्दाकडे कधी लक्ष गेले नव्हते. जनावर बांधलेले आहे, म्हणून सोडायला हवे. सुट्टीचा, पवित्र दिवस आहे म्हणून त्याची तहान थांबत नाही. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही यात वाद वाटला नाही. ती गोष्ट इतकी उघड होती की प्रभूने तिच्या आधारावर माणसाला बंधनातून सोडवण्याची मोठी गोष्ट उभी केली. आम्ही मात्र नेमक्या रविवारीच, देवाच्या दिवशी, दावे सोडायला विसरलो.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण नुसत्या पश्चात्तापाने कोणाला सावली मिळत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या काही घरांत गिनी पिग आहेत, ससे आहेत. त्यांच्यासाठी आम्ही जे शिकलो ते सांगतो.

गिनी पिगला साधारण १८ ते २४ अंशांची हवा मानवते. पारा २६-२७ च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. म्हणजे आपल्याकडे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत रोजच काळजी घ्यायला हवी. पिंजरा गॅलरीत, गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नये. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावा, कारण गरम हवा वर चढते. शहाबादी फरशी असेल तर फारच चांगले. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले गोणपाट किंवा टॉवेल टांगावा, मात्र चहूबाजूंनी झाकून हवा कोंडू नये. फुटका माठ टाकून देऊ नका. त्याच्या कडा घासून तो आडवा ठेवला की त्याची छान गार गुहा होते. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून ते गोठवावे आणि फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे. प्राणी स्वतःच तिला टेकून बसतो, नको झाले की बाजूला होतो. पंख्याने खोलीतली हवा खेळती राहते, पण त्याला घाम येत नसल्याने नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये आणि वारा थेट अंगावरही सोडू नये. पाण्याच्या दोन बाटल्या लावाव्यात आणि नळी तुंबली नाही ना हे रोज बोट लावून पाहावे. काकडी, कोथिंबीर, ढोबळी मिरची द्यावी. या प्राण्याच्या देहात आपल्यासारखेच क जीवनसत्त्व तयार होत नाही, तेही त्यातून मिळते. उरलेली ओली भाजी आणि घाण लगेच काढावी, नाहीतर माश्या बसतात.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. हा प्राणी दुखणे लपवतो. रानात आजारी दिसणारा आधी शिकार होतो, म्हणून ती त्याची उपजत सवय आहे. तेव्हा तो गप्प आहे म्हणजे बरा आहे, असे समजू नये. अंग टाकून पडला, भरभर श्वास घेऊ लागला, लाळ गळू लागली तर ऊन लागले असे समजावे. लगेच थंड जागी न्यावे, साध्या गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे आणि डॉक्टरांकडे धावावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने जीव जाऊ शकतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, ते श्वासात जाते.

ज्यांच्या दारात शेरडे, कोंबड्या, गाई-म्हशी आहेत त्यांना आम्ही काय शिकवणार? तरीही एक-दोन गोष्टी. कोंबड्यांच्या पत्र्यावर चुना मारावा किंवा उसाचे पाचट पसरून त्यावर पाणी शिंपडावे. जनावरांना वैरण सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात घालावी, कारण खाल्लेले पचतानाही अंगात उष्णता तयार होते. मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-साठ लिटर आणि कधी त्याहूनही जास्त पाणी लागते, तेव्हा दोन वेळा बादली दाखवून भागत नाही. आणि साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे तर फारच हाल होतात. साखळी जिथवर पोहोचते तिथवर सावली आहे का, हे सकाळी नव्हे, दुपारी पाहावे.

किंबहुना सगळ्यांसाठी एकच परीक्षा आहे. दुपारी तीन वाजता, जिथे आपला प्राणी बांधला किंवा कोंडला आहे तिथे जाऊन अनवाणी पाच मिनिटे उभे राहावे. आपल्याला तिथून निघावेसे वाटले तर त्यालाही वाटत असणार. फरक इतकाच की आपण निघू शकतो.

ज्यांचे घरच पत्र्याचे, एका खोलीचे आहे त्यांना हे सगळे कसे जमावे? तिथे माणसेही भाजत असतात. त्यांना कोणी दोष देऊ नये. पण ज्यांच्या घरात एक थंड खोली आहे त्यांनी मे महिनाभर शेजाऱ्यांचा पिंजरा आपल्याकडे ठेवून घ्यायला काय हरकत आहे? आणि मुलांनी नवा प्राणी आणण्याचा हट्ट धरला, तर उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवायचे याचे उत्तर सापडल्याशिवाय 'हो' म्हणू नये. कधी कधी न आणणे हीच मोठी दया असते. चिंगी एकटी पडली तेव्हा आम्हांलाही वाटले, तिला सोबत आणावी, कारण हे प्राणी जोडीने राहणारे. ती आणली. पण आधी पिंजऱ्याची जागा बदलली आणि मगच.

शेवटी एक विचार मनात येतो तो बोलून दाखवतो. दावे फक्त सुताचे नसते. पोटाचेही असते. दुपारी बाराला आपल्या गच्चीवर गव्हाचे वाळवण घालणारी बाई, सोसायटीच्या फाटकाशी पत्र्याच्या खुर्चीवर बसलेला रखवालदार, आपल्या घराच्या स्लॅबवर पाणी मारणारा मजूर, हे सारे उन्हातून उठून सावलीत जाऊ शकतात असे आपल्याला वाटते. पण त्यांची कडीही कित्येकदा बाहेरून लागलेली असते आणि ती आपल्या हाती असते. माणसाची जनावराशी तुलना करावी असे आम्हांला म्हणायचे नाही. उलट, जे जनावराचेही देणे लागते ते माणसाचे किती पटींनी लागत असेल, इतकेच म्हणायचे आहे. प्रभूने त्या कुबड्या स्त्रीच्या बाबतीत नेमके हेच विचारले होते.

गोट्याला पुरले तिथे आता धाकट्याने मातीचे एक पसरट भांडे ठेवले आहे. पाखरांसाठी. रोज सकाळी तो ते घासून भरतो. सुरुवातीला तो ते उन्हात ठेवत असे, दुपारी पाणी कढत होई आणि पाखरे फिरकत नसत. आता दुपारच्या जेवणाआधी तो स्वतः उठतो आणि भांडे लिंबाच्या सरकलेल्या सावलीत सरकवतो. आम्ही त्याला हे शिकवले नाही. त्याने आमच्या चुकीतून ते घेतले.

या उन्हाळ्यात आपण सर्वांनी एवढे जरी केले तरी पुरे. आपल्या घरात, गोठ्यात, गच्चीवर, फाटकाशी कोणकोणती दावी आपल्या हातची आहेत ते एकदा मोजावे. आणि दुपारी तीनला उठून पाहावे, सावली कुठे सरकली आहे.